उजवा वरचा कोपरा

रुवीत, बस स्टँडमागच्या गल्लीत,
बीरानइक्काच्या स्टुडिओत
मी लग्नांचे कोपरे वळवतो.

काम असं:
फोटो सपाट असतो.
एक कोपरा माउसने धरायचा,
भाकरी भाजली का बघायला कड उचलतात,
तेवढाच उचलायचा.
पाठीला पांढरा, कडेला राखाडी,
आणि शेवटी सावली.
कागद काही वळत नाही.
सावली पडली की डोळाच म्हणतो, वळला.
इक्का म्हणतो, आपण सावलीचे पैसे घेतो,
बाकी सगळं गिऱ्हाइकाचंच.
कोपऱ्याला दोनशे बैसा.

बाहेर जूनचा दमटपणा, दाराच्या काचेला घाम.
शोकेसमधले नमुने आपले आपण वळलेत,
कोण कुठला नवरा, कोण कुठली नवरी,
खालून गुंडाळत घोट्यापर्यंत आलेत.
इक्का दर शुक्रवारी त्यांना चिकटपट्टी लावतो.

गुरुवारी रात्री शरयू नाचणेकर आल्या,
इस्पितळाच्या लॅबमधून थेट, बोटांना स्पिरिटचा वास.
पेनड्राइव्हमध्ये मुलीचं लग्न, रत्नागिरीचं:
गौरीहार, अंतरपाट, सूनमुख,
मागे हॉलवाल्याचा गुलाबी पडदा
आणि पडद्यावरचा, कुणाच्या तरी आधीच्या लग्नातला, थर्माकोलचा मोर.
सोळा फोटो, पत्ते टाकल्यासारखे एकावर एक हवेत.
(माझ्या भावाच्या लग्नाचे मी स्वतःच लावले होते, अकरा.
एकाही कोपऱ्यात मी नाही. तिकीट ऑगस्टचं मिळालं.)

"मराठी ना तुम्ही? बरं झालं," म्हणाल्या,
आणि मंगलाष्टकांच्या फोटोवर नख टेकवलं.
"हा उजवा वरचा कोपरा. इथून वळवा.
जरा जास्तच."

तिथे एक माणूस उभा होता.
बिस्किटी सदरा, घडीच्या रेघा न मोडलेला,
डोक्यावर दुसऱ्या कुणाची तरी टोपी.
बोलावलाय की आलाय, कळू नये असा.
नाक मात्र नवरीचं.
कन्यादानाला मामा बसला होता, तो फोटो मी आधी पाहिलेला.

"कापून टाकू का? स्वच्छ निघेल."
"कापायचं नाही," त्या म्हणाल्या. "वळवा."

कोपरा धरला. टोपी गेली.
कपाळ गेलं, चष्मा गेला.
नाक राहिलं, आणखी ओढलं.
सदऱ्याचं दुसरं बटण आलं तिथे थांबलो.
पांढरा, राखाडी, सावली.

खाली मूठ उरली.
सगळ्यांचे हात उघडे, अक्षता हवेत,
ही एकच मिटलेली.
ती झाकायची तर घडी मुंडावळ्यांपर्यंत येणार.
मी तसं सांगितलं.

त्या बघत राहिल्या. एसीतून बादलीत थेंब पडत होता.
"घडीखाली तो आहे का अजून?"
"फाइलीत आहे. लेयर उघडला की दिसतो."
"छापल्यावर?"
"छापल्यावर नाही."
"सावली थोडी फिकी करा," म्हणाल्या.
मुठीचं काही बोलल्या नाहीत.

मग पर्स उघडता उघडता:
"एकच वळवला तर विचारतील.
सगळेच वळवा."

म्हणून मी रात्री साडेअकरापर्यंत
हळदीची कड उचलली, सूनमुखाची उचलली,
उखाणा घेताना हसू न आवरलेल्या पोरीचा कोपरा उचलला,
पंगतीतल्या जिलबीवर सावली टाकली.
पंधरा कोपरे, ज्यांच्याखाली कुणीच नव्हतं.
मॉनिटरवर सगळं लग्न हललं जरासं,
कुणी पंखा सुरू केल्यासारखं.

सोळा कोपरे, तीन रियाल दोनशे.
इक्काने तीनच घेतले.
त्याला मराठी येत नाही.

त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या.
"ती उघडणारी फाइल," म्हणाल्या,
"तीही घाला यात."
मी घातली. नाव काय द्यायचं, विचारलं.
मुलीचं नाव दिलं त्यांनी,
पुढे वडिलांचं,
पुढे आडनाव.
शाळेच्या दाखल्यावर असतं तसं.