किती वाजता दुखतं?

तिबिलिसीत, विटांच्या घुमटाखाली,
सव्वीस वर्षं मी बायकांच्या पाठी घासते.
गंधकाचं पाणी, उकडलेल्या अंड्यांचा वास,
निसरडा दगडी ओटा, हातात खरखरीत पिशवी.
बाई आडवी झाली की आधी तेच बोलते:
"त्सिआला, सांधे गं, सांधे."
जणू सांधे म्हणजे एकच गाव
आणि गावात एकच दुःख राहतं.

कुठे दुखतं ते मी विचारत नाही.
विचारते, किती वाजता.

लामझिराचा गुडघा संध्याकाळचा.
घर सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही,
आणि लामझिरा नाणी वाचवते.
सकाळी उठते, पाच-दहा मिनिटं अवघडते, सुटते;
दिवसभर जिने झाले की गुडघा कुरकुरतो,
तेल न दिलेल्या बिजागरीसारखा.
बोटांच्या पार टोकाशी, नखांच्या अलीकडे,
टणक गाठी. दाबलं तर हाडच लागतं.
ही झीज. थोडी वयाची, थोडी वजनाची,
थोडी आईकडून आलेली, कानातल्यांसोबत.

गुराम माझा दीर. त्याचं घड्याळ रात्री दोनचं.
पुतणीच्या लग्नात तो मेजवानीचा म्होरक्या:
प्रत्येक आशीर्वाद त्यानं बोलायचा, प्रत्येक प्याला त्यानं रिकामा करायचा.
पहाटेच्या आत पायाचा अंगठा पेटला,
लाल, चकचकीत, पिकलेल्या डाळिंबासारखा ताणलेला.
चादर नको म्हणाला. मग म्हणाला, दाराशी उभी राहू नकोस, वारा लागतो.
मी शहाणीनं गरम पाण्याचं घमेलं नेलं.
त्यानं असा आवाज काढला की
खालच्या अंगणातली कुत्री उठली.
दहा दिवसांनी गडी बाजारात, टुणटुणीत,
अक्रोड निवडत, जणू काही घडलंच नाही.
पण ते खडे आत असतात. सुईच्या टोकाएवढे. वाट बघत.

आणि बाचाना, बहिणीचा मुलगा, चोवीस वर्षांचा.
पहाटे चारला पाठ फळी होते,
मग तो गल्लीत येरझाऱ्या घालतो, उजाडेपर्यंत.
पडून राहिला की वाढतं, चालला की उतरतं:
उलटाच हिशोब.
माझ्या बहिणीनं तीन गाद्या बदलल्या.
पोराला आळशी म्हणणारे सगळे त्या वेळी झोपलेले असतात.

या हिवाळ्यात मला काडी ओढता येईना.
साडेसहाला उठायचं, मूठ मिटायची नाही,
कोटाची बटणं आठपर्यंत माझी नव्हेत.
म्हटलं, झीजच. इतक्या पाठी घासल्या,
दगड झिजला, मी कोण?

एतेरीही हेच म्हणायची.
शिवणकाम करणारी एतेरी. आठ वर्षं येत राहिली,
आठ वर्षं म्हणाली, सुईनं केलं गं हे;
आणि तिची बोटं माझ्या देखत
हळूहळू बाहेरच्या बाजूला कलली,
एकाच वाऱ्यानं वाकवलेल्या झाडांसारखी.
मी तिला चांगलं कढत पाणी दिलं.
दुसरं काही दिलं नाही.

परवा ओट्यावर कोणी नव्हतं.
मी पिशवी काढली नि स्वतःचेच हात चाचपले,
गिऱ्हाइकाचे चाचपावेत तसे.
टोकाचे सांधे मोकळे. मुळाशी सूज,
भिजवून ठेवलेल्या कणकेसारखी, दाबली तर दबणारी, कोमट.
डावीकडे जे, तेच उजवीकडे,
आरसा धरल्यासारखं.
पिशवी तर मी फक्त उजव्या हातात घालते.

डॉक्टर मारेखी माझ्या मुलीहून लहान.
तिनं रक्त घेतलं, सांध्यांची रांग हलकेच दाबली,
माझा चेहरा बघत.
म्हणाली, लवकर आलात, बरं केलंत, यावर औषधं आहेत,
वाकण्याआधी थांबवता येतं पुष्कळदा.
मग पेन उघडलं:
"सांगा, नक्की कुठे दुखतं?"

साडेसहाला, मी म्हणाले.
तिनं मान वर केली.
साडेसहा ते आठ. लिहा.