आईचं माहेरचं नाव

मुलगा फार अदबीनं बोलत होता.
'हेमाबेन, तमारी पॉलिसी,' अशी सुरुवात,
मग हिंदीत माझी जन्मतारीख,
रावपुऱ्यातला पत्ता, पिनकोडसकट,
आणि शेवटी, हातावर पेढा ठेवावा तसं,
'माताजी का मायके का सरनेम, टिपणीस. राइट?'

टिपणीस.
चौसष्ट वर्षांत आमच्या घरात
हे नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.
ताटातल्या तांदळात सोन्याची अंगठी फिरली
आणि टिपणीसांची द्वारका
रणदिव्यांची शालिनी होऊन उठली पाटावरून.
मी ते नाव एकदाच लिहिलं होतं,
विम्याच्या फॉर्मवर, चौकोनाचौकोनात.

मला भीती वाटायला हवी होती.
खरं सांगते, बरं वाटलं.
कुणीतरी आईची आठवण काढत होतं.
मेसेजमधले सहातले तीन आकडे
मी वाचूनही दाखवले त्याला.

तेवढ्यात तो म्हणाला, 'जल्दी बोलिए.'

एकतीस वर्षं सिटी सर्व्हेच्या खिडकीत बसले मी.
लोकांची घरं, वाटण्या, वारसांची भांडणं
नकला करकरून दिल्या, शिक्का मारून.
एवढंच शिकले त्या खिडकीत:
घाई करणाऱ्याचे कागद तपासून घ्यावेत.

फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होता.

शेजारची हिरल आली, कपाळाला आठ्या,
झोपाळ्यावर मांडीत लॅपटॉप.
एकोणीसशे तीसला तक्रार, बँकेला फोन,
'मासी, पासवर्ड शो छे?'
सांगताना लाज वाटली.
बाबांच्या लॅम्ब्रेटाचा नंबर.
बँकेला तोच, गॅसला तोच, विजेच्या बिलाला तोच,
स्कूटर भंगारात जाऊन जमाना झाला
आणि मी अजून तिच्याच किल्लीनं
बारा घरं उघडत होते.

आधारवरच्या अंगठ्यालाही कुलूप लागतं
हे मला माहीत नव्हतं.
लसूण सोलून सोलून रेषा गेलेला हा अंगठा,
रेशनच्या मशीनला ओळखू येत नाही धड,
त्यालाही लावलं.

नवे पासवर्ड लांबलचक, निरर्थक, बारा वेगवेगळे.
हिरल म्हणाली, वहीत नका लिहू.
मी लिहिलेच. मोडीत.
दप्तरातली जुनी कागदं वाचायला शिकलेली मोडी,
एका ओळीला टांगलेली, हात न उचलता.
ती वाकून बघत राहिली,
'आ कई भाषा छे?'
म्हटलं, आमचीच. आता फारशी कुणाला येत नाही.
त्यावर ती एवढी हसली
की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या.

मग बँकेनं परत तोच प्रश्न विचारला.
आईचं माहेरचं नाव?
हिरल म्हणे, खरं लिहायलाच पाहिजे असं नाही, मासी.
मी बराच वेळ बसून राहिले पडद्यासमोर.
सासर सगळ्याच बायकांना मिळतं नवीन,
माहेर कोण बदलून देतं?
आणि द्यायचंच तर कुठलं द्यावं,
अंगणात विहीर असलेलं?
जिथं तिला चौथीनंतरही शिकवलं असतं असं?
शोधलं एक. चांगलं आहे.
तुम्हाला सांगणार नाही.

आता टिपणीस कशाचीच किल्ली नाही.
चोरीला गेलं आणि मोकळं झालं.
भाजी निवडताना मी ते
उगीच दोनतीनदा म्हणून पाहते.

आठवड्यानं पुन्हा अनोळखी नंबर,
तोच अदबशीर आवाज किंवा त्याचा भाऊ,
'माताजी का मायके का...'
टिपणीस, म्हटलं. द्वारका टिपणीस.
निनाव्या सुरेख करायची.
गणितात भावांच्या पुढे होती,
पाढे पाठ होते तिला, पाऊणकीचेसुद्धा,
लग्नाच्या दिवशी रडली नाही,
नंतर विश्वामित्रीच्या पुलावर, टांग्यात...

पुढचं त्याला नको होतं.