भरतीची वेळ

बाबा गोदीचे दरवाजे उघडायचे.
भरती आली की बोट आत, उतरू लागली की बंद.
एवढंच काम, एकतीस वर्षं.
डायऱ्याही तशाच, कुठल्याशा शाई कंपनीच्या, फुकटच्या.
पानोपानी तास, मिनिटं, फूट.

माझगावची खोली रिकामी करत होतो.
रद्दीवाला काटा घेऊन दारात,
आणि मी आधी माझा जन्म शोधला. सापडला.
'भरती दुपारी १२.१०. साडेपंधरा फूट. मुलगा. रजा नामंजूर.'
हसलो. रद्दीवाल्यालाही वाचून दाखवलं.

मग त्याच्या आधीची, अठ्ठावन्नची.
'चंपूला ताप. भरती ३.४०.'
'चंपूला ताप. बर्फ दोन आणे. भरती ४.२५.'
'भरती ५.१५.'

चंपू कोण?
भिंतीवर कधी नव्हती ती,
आईच्या तोंडीही नाही.

पुढे दर वर्षी, एकवीस जुलैला,
भरतीखाली एकच जास्तीचा शब्द: 'बत्तासे'.

ते मला आठवतात.
दमट कागदाची पुडी, आणि सणवार काहीच नाही.
आम्ही भावंडं त्यावरून मारामारी करायचो.
पण पहिला बत्तासा बाबा
खिडकीच्या चौकटीवर ठेवायचे.
कावळ्याला, म्हणायचे.
कावळा कधी आलेला पाहिला नाही.
मुंग्या यायच्या.
एरवी फडकं हातात घेऊन फिरणारी आई
त्या दिवशी तेवढी चौकट पुसायची नाही.

रद्दीवाला म्हणाला,
साहेब, पुठ्ठ्याचं वजन धरत नाही आम्ही.
म्हटलं, नको धरू.