बावीस आठवडे

करारावर चार सह्या आहेत.
निकाऊची सगळ्यात खाली, घाईत केलेली,
शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलेलं.
तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं ब्रायोनी म्हणते.
ती आता असंच काहीबाही म्हणते.

जुलै. डनीडिनमध्ये हाडं गोठतात असा महिना.
त्याने कप विसळला, पालथा घातला
आणि म्हणाला, शनिवारी निघतोय मी.
कुठे, ते सांगितलं. का, ते नाही.
आम्हीही विचारलं नाही.
आम्ही विचारलं, भाड्याचं काय?

टेव्हिटाने वीजबिलाच्या पाठीवर गणित मांडलं:
बावीस आठवडे गुणिले एकशे साठ.
उत्तराखाली दोन रेघा ओढल्या,
आकडा पळून जाईल की काय अशा.
मालकीणबाई फोनवर साखर पेरत बोलल्या:
मला चौघांचं भाडं येतं, तेवढं येत राहू दे.
ते कितीजण मिळून देता, हा तुमच्या घरातला प्रश्न.

शनिवारी त्याच्या भावाची व्हॅन आली.
गादी गेली, सर्फबोर्ड गेला,
एक खुर्ची गेली जी मला माझी वाटत होती.
मिठाच्या बरणीखाली दोन आठवड्यांचे पैसे.
मी वर जागी होते.
खाली गेले नाही.

मंगळवारपासून काचांवरून पाणी ओघळू लागलं.
जिन्यातली खिडकी, स्वयंपाकघरातली,
बैठकीतल्या त्या तीन उभ्या.
गुरुवारी चौकटीच्या कोपऱ्यात काळे ठिपके,
मोहरी सांडल्यासारखे.
मी फोन करून मालकीणबाईंशी भांडले.
खिडक्या त्याच आहेत गं, त्या म्हणाल्या,
तीस वर्षं त्याच आहेत.

रात्रपाळीहून, बेकरीतून, पहाटे घरी येतो टेव्हिटा.
बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला,
त्या तर निकाऊ पुसायचा.
रोज, पाचाच्या सुमाराला, अंधारातच.
मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.

मागच्या दोरीवर हिरवा टॉवेल अजून होता.
दवाने गोठून ताठ झालेला,
काढायला गेले तर पुठ्ठ्यासारखा वाजला.

रविवारी खोली बघायला एक मुलगी आली.
खिशात हात, टोपी काढली नाही.
कपाट उघडून बघितलं, नळ सोडून बघितला,
मग विचारलं, घरात ओल आहे का?
टेव्हिटा माझ्याकडे बघायला लागला, मी जमिनीकडे.
आधी नव्हती, ब्रायोनी म्हणाली.

मुलीने बाही मुठीत ओढली
आणि बाहेरचं दिसावं म्हणून
काच पुसली, तळहाताएवढी.