न नेलेली जोडी

पाकिटात एकशे दहा डॉलर,
शाळेच्या स्वयंपाकघरात वर्षभर सोललेल्या
बटाट्यांच्या सालींइतके पातळ.
पंधरा नोव्हेंबर आठवड्यावर आलाय, हरणांचा हंगाम,
आणि गेल्याच साली घेतलेले माझे बूट
पुढून जबडा उघडून बसलेत
बोटीत टाकलेल्या माशासारखे.

तीन सालांत तीन जोड.
हिशेब कागदावर मांडला नाही, लाज वाटते.
स्वस्त म्हणून घेतले, आणि दर वेळी
सीडरच्या दलदलीत, मुळांच्या मधल्या काळ्या पाण्यात
आधी मोजा भिजला, मग पैसे.

ओन्नी केम्पाइनेनचं दुकान हार्डवेअरच्या खाली, तळघरात.
पायऱ्यांवरच वास येतो: मेण, गोंद, ओलं कातडं,
आणि तिसऱ्यांदा उकळलेली त्याची कॉफी.
मी चकचकीत जोडी उचलते.
एकोणनव्वद. आत पाणी शिरणार नाही, असं लेबल म्हणतं.
तो बूट घेतो, आणि घडीच्या पोळीसारखा
मधोमध दुमडून दाखवतो.

"हा बूट नाही, वर्ना. ही बुटाची बातमी आहे.
अंगठा दाब. सुरकुती पडते? पडू दे.
पडून परत जाते ते कातडं.
पडतच नाही, तो नुसता रंग.
आता कडेने बघ, दोरा दिसतो का कुठे?
चिकटवलेला तळ एकदाच मरतो.
शिवलेला मेला, तर माझ्याकडे येतो."

खिडकीतल्या तीनशे दहावाल्या जोडीकडे
मी बघते, दुसऱ्याच्या लग्नातले दागिने बघावेत तशी.
तोही बघतो. मग पडद्यामागे जातो
आणि बराच वेळ येत नाही.

आणतो ती जोडी तपकिरी, घोट्याच्या वर चार बोटं,
नवा तळ, जुनं कातडं, पितळी आकडे घासून पिवळेधमक.
नाडीला चिठ्ठी: तळ बदलणे, अडुसष्ट डॉलर. मार्च.
साल तीन वर्षांपूर्वीचं.
"आइली रुओनाचे. न्यायलाच आली नाही.
माझी मजुरी दे. पण आधी तिला विचार."

टेकडीवरच्या वृद्धाश्रमात खिडकीशी आइली,
पांघरुणाखाली पाय, ज्यांच्याकडे ती बघत नाही.
बूट मांडीवर ठेवला तर तिने आधी वास घेतला.
मग जिभेच्या आत बोट घालून
काहीतरी चाचपलं, जुना टाका असेल.
"बसतात?"
"अर्धा नंबर मोठे."
"मलाही. त्याने अंदाजाने आणले होते.
सव्वीस वर्षं मी एक मोजा जास्त घातला
आणि त्याला सांगितलं नाही."
हसली, मग खोकली, मग म्हणाली,
"चुलीपाशी वाळवलेस तर मी उठून येईन."

बेचाळीस उरले. लोकरीचे मोजे, दोन जोड.
मेणाची एक डबी.
बाकीच्यांचं पेट्रोल.

पंधराला पहाटे बर्फ नव्हतं, नुसता गारठा.
ओंडक्यावर बसले, बंदूक गुडघ्यांवर,
दलदल हळूहळू राखाडी होत गेली.
एक मादी आली, पाणी प्यायली, गेली.
माझ्याकडे परवाना नराचा.
दुपारपर्यंत दुसरं काही आलं नाही.

घरी येऊन नाड्या सोडल्या, मोजे ओढले.
बोटं कोरडी, गुलाबी, सुरकुती नाही एकही.
डाव्या टाचेला मात्र चावलंय,
नाण्याएवढं.
बूट दाराशी ठेवले, चुलीपासून लांब,
आत वर्तमानपत्राचे बोळे घालून.
रविवारी टेकडीवर जाईन.
तिलाही डावाच चावायचा का,
विचारायचं राहिलंय.