न्यूट्रल

फोन आला तेव्हा पंख्याची वायंडिंग भरत होतो.
'हुंदऱ्यांच्याकडनं बोलतेय,' बाई म्हणाल्या,
'आमचा तो पाच तोंडांचा गेला की ओ.'
मला आधी वाटलं, घरातलं माणूसच गेलं.

खानापुरातनं गर्लगुंजीला पोचेस्तोवर तीन वाजले.
अंगणात काजूच्या बिया वाळत घातलेल्या,
त्यांवरनं कोंबड्या हाकलत शेवंताक्का पुढं,
आणि आतल्या खोलीत तो वास,
जळक्या सर्किटचा, सुक्या मासळीच्या जवळचा,
ज्याला मला मीटर लागत नाही.

भरमाण्णा खुर्चीत ताठ.
तोफखान्यात वीस वर्षं काढली,
उजवा कान तिथंच जमा करून आले.
म्हणून उजवीकडचा मागला स्पीकर
त्यांनी वीतभर पुढं ओढलेला,
भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून,
म्हणजे झाडलोटीत कुणी हलवला तर कळावं.

'जाताना काय झालं नेमकं?'
'ट्यूबलाइट पांढरीशुभ्र झाली,' आक्का म्हणाल्या,
'लग्नाच्या मांडवातल्यागत.
खोटं कशाला बोलू, एक घटका बरं वाटलं मला.
मग फ्रीज ओरडला.'

खांबाकडं बघायला गेलो नाही. कळलंच होतं.
टीसीवरचा न्यूट्रल सुटला
की घरं एकमेकांच्या गळ्यात पडतात,
आणि ज्याच्याकडं कमी चाललेलं असतं
त्याच्याच डोक्यावर जास्त येतं.
पलीकडं पाखऱ्यांचा पाण्याचा हीटर चालू होता:
त्यांचा बल्ब विडीच्या टोकाएवढा लाल,
आणि इकडं एकट्या टीव्हीवर साडेतीनशे.

अँप्लिफायर उघडला. फ्यूज काळा,
दोन कपॅसिटर पोट फुगवून बसलेले,
एकाचं टोपण उडून
थेट वरच्या जाळीला चिकटलेलं.
स्पीकर मात्र पाचही जिवंत.
'स्टॅबिलायझर होता ना? मीच दिलेला, कटऑफवाला?'

होता. भिंतीवर, क्रोशाच्या रुमालाखाली,
वर चष्म्याचं घर आणि विजेचं बिल.
टीव्हीची वायर त्याला बगल देऊन सरळ बोर्डात,
आणि त्याची पिन
खाली लोंबत होती.

मी पिन हातात धरून उभा राहिलो.
पंखा नव्हता, त्यामुळं शांतता जरा जास्तच.
'तो गुणगुणतो,' शेवंताक्का म्हणाल्या.
'रात्रभर. यांना येत नाही ऐकू.
मला येतं.'

भरमाण्णांनी काही विचारलं नाही.
खुर्चीत जरासे वळले, सावकाश,
आणि उजवा कान
आमच्याकडं केला.

मग मीच बोलत सुटलो, कामाचं.
गडगडायला लागलं की पिन काढा, बटणावर भागत नाही.
डिशची केबलपण काढा, वीज तिथनंही येते.
करंट आला की लगेच लावू नका,
चहा करा, प्या, कप विसळा, मग लावा.
आणि अर्थिंग तुमचं नावापुरतं आहे,
खिळ्याला वायर गुंडाळलेली, तिला अर्थिंग म्हणत नाहीत.

खड्डा भरमाण्णांनीच खणला, माणूस लावू दिला नाही.
कमरेएवढा, कडा खंदकासारख्या कापून.
तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, परत कोळसा.
दिवेलागणीला बसलिंग लाइनमन खांबावरनं ओरडला,
'करंट बंतेन्री?'
आक्कांनी दारातनंच 'बंतू' म्हणून सांगितलं,
आणि चहाला आधण ठेवलं.

बोर्डाचे अठराशे झाले. दोनशे राहिलेत अजून.
तेवढ्यासाठी परवा गेलो होतो.
त्या खड्ड्यावर मिठानं गवतसुद्धा धरत नाही,
तरी आक्का रोज तांब्याभर पाणी घालतात, तुळशीच्या आधी.
स्टॅबिलायझर मी तेव्हाच बाहेर सोप्यात बसवून दिला होता.
तिथं तो गुणगुणत असतो.
वरच्या उबेला एक कोंबडी अंडी उबवायला बसलीय,
म्हणून दोनशे मागायचं
राहूनच गेलं.