जांभळी खिडकी

शेजारी सहा मजले उभे राहिले
त्या वर्षी माझ्या खिडकीतलं ऊन विकलं गेलं.
कुणी, कितीला, ते कुठल्याच कागदावर नाही.
म्हापशात असं होतं.

मग मीही ऊन विकत आणलं:
दोन फुटांच्या दोन पट्ट्या, लाल-निळ्या, बिलाशिवाय.
साड्या वरच्या फळीवर ढकलल्या
आणि कपाटाच्या खालच्या खणात दिवे टांगले,
मातीपासून वीतभर वर.

बी शुक्रवारच्या बाजारातलं.
काणकोणहून येणारी बाई म्हणाली,
'खोलची. दोंगरार जाता ही.'
मी म्हटलं, माझा डोंगर तिसऱ्या मजल्यावर आहे.
ती हसली नाही.
मूठ थोडी सैल सोडली, एवढंच.

दह्याच्या रिकाम्या वाट्या, तळाला खिळ्यानं भोकं,
सोडणाचा भुसा, चाळलेली माती,
नखाएवढं खोल एकेक बी.
ऊब हवी म्हणून वाट्या सेट-टॉप बॉक्सवर.
आठ दिवस मी बातम्या पाहिल्या नाहीत,
बॉक्स मात्र चालू ठेवला.

नवव्या दिवशी एक कमान:
डोकं मातीतच, पाठ तेवढी वर.

सोळा तास उजेड, आठ तास रात्र.
रात्रही मीच करायची, बटण दाबून.
दिवा उंच राहिला तर रोपं लांबत जातात;
ती वाढ नव्हे, शोधाशोध.
आधी मला त्याचंच कौतुक वाटलं होतं.
वारा नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ
त्यांच्यावरून तळवा फिरवायचा,
मग कणा धरतात.
नऊ जणांनी एका रात्रीत मान टाकली.
पाणी जास्त. चूक माझी.

रस्त्यावरून खिडकी जांभळी दिसायची.
सोसायटीचा सेक्रेटरी मिनेझिस, एरवी सभ्य माणूस,
त्यानं पेपरात वाचलं होतं
बंद फ्लॅटांत काय काय पिकवतात ते.

कॉन्स्टेबल आला दुपारी अडीचला,
छातीवरच्या पट्टीत वेळीप.
बूट दाराबाहेर काढले.
मी कपाट उघडलं.
वर साड्या, खाली एकवीस रोपं,
दोन-दोन पानांची, काही चार.
तो उकिडवा बसला, टोपी गुडघ्यावर,
एक पान बोटानं उलटं करून पाहिलं.
'ही आमची,' म्हणाला.
मग पोलिसाच्या आवाजात: 'बी कुठून आणलं?'
सांगितलं. शुक्रवार, म्हातारी बाई,
लाल चौकड्यांचं कापड.
'डाव्या हाताची दोन बोटं वाकडी?'

मला आठवेना.

त्यानं वहीत लिहिलं: मिरची.
बूट घालता घालता म्हणाला,
'आता गच्चीवर न्या. पहिल्या दिवशी अर्धा तास,
मग थोडं थोडं जास्त.
एकदम ठेवलीत तर भाजतील.
त्यांना वाटतंय, ऊन म्हणजे हेच.'

गच्चीवर घड्याळ लावून बसते.
सहा मजल्यांची सावली सरकत येते,
मी ट्रे पुढे ओढते, पुन्हा पुढे.
मिनेझिस टाकी बघायला येतो,
आज विचारलं, 'फार तिखट असते?'
अजून माहीत नाही, म्हटलं.

शुक्रवारी त्या जागी प्लॅस्टिकच्या बादल्या होत्या.
पुढच्या शुक्रवारीही.
तरी मी रांगेच्या टोकापर्यंत जाते,
मिरचीचा भाव विचारते
आणि हात बघते.